‘येतो’चे दोन प्रकार

१४ नोव्हेंबर

नागपूरला कॉम्प्युटरच्या वर्गात चपला बाहेर काढून जावं लागे, हे आमच्या मदतीला येणाऱ्या अपेक्षाला सांगितलं तर ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. पण खरंच तसं होतं. आत थंडगार खोली, आणि धूळ जाऊ नये म्हणून दाराबाहेर चपलांची रांग. दोघींना मिळून एक कॉम्प्युटर. मेघा टाइप करायची, मी शेजारी बसून तिच्या चुका बघायची. पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सगळं आधी सांगून ठेवावं लागे, हा आकडा आहे, हा शब्द आहे. न सांगता वापरलं की हिरव्या अक्षरांत ‘टाइप मिसमॅच’, म्हणजे प्रकार जुळत नाही, असं उमटायचं. मेघा स्क्रीनला म्हणायची, “अरे बाबा, थोडं समजून घे ना!” एकदा बाहेर आलो तर तिच्या चपला कुणीतरी घालून गेलेलं. मग माझी एक तिनं घातली, एक मी, आणि हसत, लंगडत आम्ही दोघी बर्डीच्या बाजारापर्यंत गेलो.

आज हे आठवलं, कारण संध्याकाळी वर्ध्याच्या आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही पुन्हा तशाच एका स्क्रीनसमोर बसलो होतो. ज्या सेवा मंडळाचं काम आम्ही करतो, त्याच्या डोळ्यांच्या शिबिराची यादी भरली. गावोगावच्या तपासणीत ज्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय, त्यांना आम्ही त्यांच्या नावाची लिंक पाठवतो. फोनवर पान उघडतं, माहिती वाचायची, यायचं असेल तर बटण दाबायचं. इतक्या लवकर यादी कधीच भरली नव्हती. मेघानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. म्हणाली, “बघ, सिंदी मेघे माझ्याच नावाचं गाव आहे. इथे दुकान टाकलं म्हणून यश आलं.” हा विनोद ती दुकान उघडल्यापासून करते आहे.

१७ नोव्हेंबर

शिबिरात अर्ध्याहून जास्त खाटा रिकाम्या राहिल्या. डॉक्टर नागपूरहून आले आणि दुपारीच परत गेले.

१८ नोव्हेंबर

सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा पवनारचे कवडूजी पायरीवर बसलेले होते. मेघाचं माहेर पवनारचं, म्हणून ती त्यांना ओळखते. त्यांच्या बायकोचा, धुरपताबाईंचा एक डोळा आधीच गेलाय. दुसऱ्याचं ऑपरेशन या शिबिरात व्हायचं होतं.

“मेघाबाई, तुमच्या मोबाईलनं मले सांगतलं, जागा भरल्या म्हून. अन् माह्या भाचा काल तिथी पाहून आला, खाटा त रिकाम्या पडून होत्या. काऊन असं?”

मेघा म्हणाली, “कवडूभाऊ, आधी आत या. चहा घ्या.”

“चहा नोको. घरी जाऊन तिले काय सांगू, थे सांगा.”

मी म्हणाले, आम्ही शोधतो, संध्याकाळपर्यंत कळवतो. मेघानं पर्स उचलली आणि त्यांच्याच ऑटोत बसून पवनारला निघून गेली. इकडे एवढा गोंधळ, मंडळाचे फोनवर फोन, आणि ती धुरपताबाईंचा हात धरून बसायला गेली. तिचा स्वभावच तसा. मला मात्र आज ती इथे हवी होती.

१९ नोव्हेंबर

कारण सापडलं. इतकं साधं की हसावं का रडावं कळेना.

मागच्या वर्षी पानाच्या तळाशी ‘बंद करा’ असं बटण होतं. म्हातारी माणसं ते दाबायला घाबरायची, फोनच बंद पडेल म्हणून. या शिबिरासाठी मेघानं त्याच्या जागी ‘येतो’ लिहिलं. आपल्याकडे कुणाच्या घरून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? गावाकडे बायामाणसंही ‘येतो’च म्हणतात. लोकांना फार आवडलं. एक म्हातारेबुवा तर फोनला हात जोडून ते बटण दाबायचे.

पण शिबिराला यायचं म्हणूनही ‘येतो’ असंच बटण आहे. आणि आमचं बटण दाबलं की त्यावर लिहिलेला शब्द तेवढा पुढे जातो. पुढे बसलेली कोडची ओळ बघते, शब्द ‘येतो’ आहे का? असेल तर नाव यादीत. म्हणजे ज्यांनी नुसतं पान उघडलं, वाचलं आणि निरोप घेतला, ती सगळी माणसं शिबिराला येणार म्हणून धरली गेली. यादी भरली. आणि खरंच येणाऱ्या धुरपताबाईंना जागा उरली नाही.

दोन ‘येतो’, दोन वेगळे अर्थ, आणि आमच्या कोडला दोन्ही म्हणजे नुसती अक्षरं.

शाळेत सिस्टर फिलोमिना इंग्रजी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाखाली त्याची जात लिहायला लावायच्या. एक शब्द रिकामा राहिला तरी अख्खं पान परत. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, सगळ्या बटणांना तसं लिहून ठेवलं असतं तर हे घडलं नसतं.

२२ नोव्हेंबर

मंडळाची बैठक. सचिव किसनराव चांगले गृहस्थ आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “हे निरोपाचं बटण कोणी टाकलं होतं?”

मी म्हणाले, “मेघानं.”

खरं तेच सांगितलं. मेघा माझ्या शेजारीच होती. तिनं मान हलवली आणि पाण्याचा ग्लास पुढे ओढला. मग मी सगळं पान नव्यानं, टाइपस्क्रिप्ट या जास्त काटेकोर भाषेत लिहायचा प्रस्ताव मांडला आणि तो लगेच मान्य झाला. जानेवारीच्या शिबिराआधी पुरं करायचं आहे. परत येताना मेघा ऑटोत डोळे मिटून बसली होती. दमली असावी.

२८ नोव्हेंबर

काम सुरू झालं. अपेक्षा रोज नालवाडीहून स्कूटीवर येते. पोरगी हुशार आहे, मला ‘मंजूमॅडम’ म्हणते आणि मेघाला ‘मावशी’. माझ्या लक्षात आलंय, पण चालायचंच.

आता प्रत्येक बटणाला दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. त्यावर लोकांना काय दिसायचं, आणि दाबल्यावर काय घडायचं. घडण्याचे प्रकार आम्ही आधीच ठरवून टाकले. ‘नोंदणी’ हा एक, ‘निरोप’ हा एक. यादीत नाव चढवणारी ओळ फक्त ‘नोंदणी’ घेते. तिला चुकून ‘निरोप’ दिला की लिहितानाच खाली लाल नागमोडी रेघ येते. पान लोकांपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी. जन्मतारखेच्या चौकटीत फोन नंबर जात नाही, जिथे नाव हवंच तिथे रिकामं चालत नाही. मला फार शांत वाटतं हे करताना.

मेघा माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं लिहिलेल्या फायलींवर जास्त लाल रेघा येतात, कारण ती पूर्वीपासून सैल लिहिते. एका ठिकाणी तिनं प्रकाराच्या जागी ‘एनी’ टाकलं.

मी म्हटलं, “हे नको. ‘एनी’ म्हणजे काहीही चालेल असं होतं.”

“काहीही!” ती म्हणाली, अगदी कॉलेजातल्या मुलीसारखी, आणि अपेक्षा खो खो हसली. मीही हसले. मग मी ते ‘एनी’ काढलं.

२ डिसेंबर

मेघा दोन दिवसांआड पवनारला किंवा दवाखान्यात असते. तिनं मोठ्या दवाखान्यात खेपा घालून धुरपताबाईंसाठी खाट मिळवली. चांगलं केलं. पण तारीख जवळ येते आहे आणि निम्म्या फायली तिच्या आहेत. ती नसते म्हणून मग त्याही मीच नव्यानं लिहिते आहे. तसं ते सोपंच पडतं. तिचं जुनं समजून घेऊन दुरुस्त करण्यापेक्षा पुसून लिहिणं लवकर होतं.

६ डिसेंबर

सकाळी चैत्यभूमीला न जाता इथेच वंदना केली. वडील गेल्यापासून घरात मी एकटीच म्हणते.

धुरपताबाईंचं ऑपरेशन काल झालं. मोतीबिंदू फार पिकला होता, डोळ्यातला दाब वाढलेला. डॉक्टर म्हणाले, थोड्या आधी आल्या असत्या तर सगळं दिसलं असतं. आता समोरचं दिसेल, बाजूचं बरंचसं गेलं ते परत येणार नाही. मेघा फोनवर हे सांगत होती आणि तिला रडू येत होतं. मी म्हटलं, “मेघा, पुन्हा असं होणार नाही. मी आता होऊच देणार नाही.”

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, “हो. तू नाही होऊ देणार.”

११ डिसेंबर

आज मेघाशी थोडी बाचाबाची झाली. बाचाबाचीसुद्धा नाही म्हणता येणार.

मी निरोपाच्या बटणावर ‘बाहेर पडा’ लिहिलं.

ती म्हणाली, “मंजू, असं कोण बोलतं गं पाहुण्याशी?”

“स्पष्ट आहे.”

“स्पष्ट आहे, पण दार दाखवल्यासारखं आहे.”

“त्या ‘येतो’नं काय झालं ते तू पाहिलंस ना?”

हे मी आवाज न चढवता म्हटलं, अपेक्षा साक्षीला आहे. मेघानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पाहिलं. रोज जाऊन पाहते.” मग तिनं खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. ते तिनं सकाळीही घातलं होतं.

१६ डिसेंबर

लाल रेघ एकही उरली नाही! अपेक्षानं सगळं एकदम तपासायला लावलं आणि स्क्रीन स्वच्छ. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही तर एकही एनी ठेवला नाही. माझ्या आधीच्या ऑफिसात कोणाचा विश्वास नाही बसणार.” मला शाळेतल्या बक्षीस समारंभासारखं वाटलं. मागं वळून मेघाला बघितलं, तर ती तिच्या टेबलाचा खण रिकामा करत होती. म्हणाली, जुना पसारा खूप झाला होता.

१९ डिसेंबर

मेघा आज नाशिकला मोनालीकडे गेली. लेकीचं दुसरं बाळंतपण जवळ आलंय, म्हणजे जायलाच हवं होतं. मी स्टेशनवर गेले होते. गाडीला उशीर होता, म्हणून आम्ही बाकावर बसून संत्री खाल्ली. तिनं माझ्या वाटणीच्याही बिया काढून दिल्या. ही तिची जुनी सवय, मला बिया आवडत नाहीत.

तिनं एकदम विचारलं, “मंजू, माझ्या हातचं आता त्यात काही राहिलंय का?”

मी विचार करून खरं उत्तर दिलं. “रंग तुझेच आहेत. आणि ते वरचं फुलाचं चित्र.”

“बरं आहे,” ती म्हणाली.

गाडी हलली तेव्हा दारातून ओरडली, “येतो गं!” आवाज अगदी गावाकडच्या बायांसारखा काढला. मी हसले. बाळंतपण म्हणजे दोन-तीन महिने. उन्हाळ्याच्या आत येईलच.

१३ जानेवारी

शिबिर झालं. जितकी नावं यादीत, तितकी माणसं आली. एक खाट रिकामी नाही, एक माणूस परत गेला नाही. डॉक्टरांनी किसनरावांचा हात हातात घेतला आणि किसनरावांनी माझं अभिनंदन केलं. मी अपेक्षाला पुढे केलं.

मेघाला लगेच फोन लावला. मागे नातवंडाचं रडणं ऐकू येत होतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“छान झालं गं. म्हणजे आता त्यात कोणी चूक करूच शकत नाही?”

“जवळजवळ नाहीच.”

“मग मी मोकळी,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. खूप दिवसांनी तिचा हसरा आवाज ऐकला.

२३ जानेवारी

आज कवडूजी धुरपताबाईंना घेऊन आले. मेघाबाईंसाठी घरच्या तुरीची डाळ आणली होती. ती नाशिकला आहे असं सांगितलं तर धुरपताबाईंचा चेहरा पडला. त्या मान तिरकी करून माणसाकडे बघतात, उरलेला डोळा समोर यावा म्हणून. माझ्याकडेही तसंच बघितलं.

“तुमी मंजूबाई ना? मेघाबाई लय सांगे तुमचं. म्हने, माह्या चुका पकडाले देवानं तिले धाडलं.”

कवडूजी म्हणाले, “चूप बस वं, असं नाई सांगत लोकाले.”

“काऊन? चांगलंच त सांगून राह्यली मी.” मग त्यांनी पुढच्या तपासणीसाठी फोन पुढे केला. पान उघडून दाखवलं, सगळं वाचून झालं, आणि त्या म्हणाल्या, “थे येतोवालं बटन कुठी गेलं? आता ‘बाहेर पडा’ म्हन्ते. ह्या मोबाईल मले घरातून हाकलून राह्यला का बाई?”

सगळे हसलो. ते दोघं गेल्यावर अपेक्षा म्हणाली, “मॅडम, तसं आता दोन्ही बटणांवर ‘येतो’ लिहिलं तरी काही बिघडणार नाही. आपण प्रकार वेगळे केलेत ना. वर काय लिहिलंय ते कोडला बघायचंच नाही.”

मी तिच्याकडे बघत राहिले. हे मला माहीत होतं. मीच तर तिला ते शिकवलं होतं. एवढी सगळी मेहनत केली ती याचसाठी की माणसांना एकच शब्द दोन अर्थांनी वापरता यावा आणि तरीही कुणाचं नुकसान होऊ नये. आणि मी काय केलं, तर शब्दच काढून टाकला. शब्दाचा काही दोष नव्हता.

बटणावर पुन्हा ‘येतो’ लिहायला क्षणभर लागला. एकही लाल रेघ आली नाही.

२४ जानेवारी

काल लिहायचं राहिलं ते.

निरोपाचं बटण मेघानं टाकलं हे खरं. पण शब्द बघून यादीत नाव चढवणारी ती ओळ माझी. तिच्या बटणाच्याही आधीची. तेव्हा ‘येतो’ एकच होता म्हणून चालून गेलं. चूक ना तिच्या बटणात होती, ना माझ्या ओळीत. दोघींच्या मध्ये होती. किसनरावांनी बटणाचं विचारलं, ओळीचं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. मेघाला ती ओळ माहीत होती. शेजारी बसून तिनं पाण्याचा ग्लास पुढे ओढला, एवढंच.

आज किसनरावांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “अहो मॅडम, ते तर केव्हाच मिटलं.” त्यांच्यासाठी मिटलंच होतं.

३ फेब्रुवारी

मेघाला फोन केला. धुरपताबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली. बटण परत ठेवलंय म्हटलं. “अगं बाई,” ती म्हणाली. मग बैठकीचं सांगितलं. माझी ओळ, आणि मी न बोललेलं.

“राहू दे गं मंजू. मला कुठे माहीत नव्हतं?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबले होते.” पुढे म्हणाली, “आणि मग तू इतकी कामाला लागलीस. म्हटलं, तुला बरं वाटतंय तर वाटू दे.”

मोनालीच्या सोसायटीतल्या मुलांना ती चित्रकला शिकवते आहे. सकाळी गोदावरीकडे फिरायला जाते. वर्ध्याचं घर भाड्यानं द्यायचं चाललंय. हे सगळं ती सहज सांगत होती आणि मी ‘हो का, हो का’ करत होते. शेवटी विचारलं, “येशील ना?”

“येतो गं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसले. हा कुठला ‘येतो’, ते मला सांगता येत नाही. एवढी वर्षं तिच्या शेजारी बसून मला ते ओळखता यायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी

मंडळाला आता पानासाठी एकच जबाबदार माणूस हवं आहे आणि ते मी असू नये, असं मी कळवलं. तब्येत ठीक आहे माझी. पण रोज कुलूप उघडून दुसऱ्या टेबलाकडे बघायचं नाही आता. अपेक्षा तयार आहे. तिला तोंडी सांगणं जमायचं नाही, म्हणून इथे लिहिते आणि हे पान फाडून तिच्याकडे देते.

अपेक्षा, सगळं कोड तुझं. प्रकारांमध्ये भर घालायची तर घाल, पण सैल करू नकोस. कुणी घाईत ‘एनी’ टाकलं तर रागावू नकोस, शेजारी बसून त्याच्याकडूनच काढून घे. त्याचं पुसून स्वतः लिहू नकोस.

मोठा स्क्रीन आणि माझी खुर्ची नालवाडीला घेऊन जा. प्रिंटर मंडळाला दे, त्यांच्याकडे यादी छापायला काही नाही. कुंड्या चहाच्या टपरीवाल्याला दे, तो पाणी घालेल. तुरीची डाळ अजून तशीच बांधलेली आहे. ती नाशिकला कुरियर कर, सोबत माझी चिठ्ठी नको, कवडूजींनी दिली एवढंच सांग. दुकानाची किल्ली घरमालकांना मी देईन.

धुरपताबाईंना पुढच्या तपासणीला लिंक पाठवू नकोस. तू स्वतः जाऊन त्यांना घेऊन ये.

मेघाचं खातं बंद करू नकोस. बरेच दिवस कुणी आत आलं नाही की सर्व्हर आपण होऊन विचारतो, हे नाव काढून टाकायचं का. दर वेळी ‘नाही’ म्हण.